यादीत नाव आलं, पण रजा मिळाली का?

गोव्यात शिगम्याचे ढोल घुमत असतील त्याच दिवसांत, म्हणजे ५ ते १७ मार्च २०२६ या काळात, वर्ल्ड बेसबॉल क्लासिक ही स्पर्धा होणार आहे. वीस देश आणि चार शहरं: सॅन हुआन, ह्यूस्टन, टोकियो आणि मायामी. अजून एकही चेंडू पडलेला नाही, पण या खेळाचे चाहते गेलं वर्षभर संघांच्या याद्यांवरूनच पेटलेत. एरन जज हा बॅटर अमेरिकेचा कर्णधार असणार हे एप्रिल २०२५ मध्येच जाहीर झालं, स्पर्धेच्या अकरा महिने आधी. मे महिन्यात पॉल स्कीन्स या तरुण पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, होकार कळवला. नोव्हेंबरात बॅटिंगही करणाऱ्या आणि चेंडूही टाकणाऱ्या शोहेई ओतानीने इन्स्टाग्रामवर जपानकडून खेळणार असल्याचं लिहिलं, आणि जपानमध्ये ती दिवसाची मोठी बातमी ठरली.

माझा भाचा फोंड्याला कॉलेजात आहे. त्याच्या बरोबरीची पोरं फुटबॉलमागे वेडी. हा लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर बेसबॉल बघायला लागला आणि तिथेच रमला. मध्यंतरी सगळे जेवायला बसलेले असताना तो ताटावरूनच ओरडला, "मामा, स्कूबल येता!" बहिणीला वाटलं कोणी पाहुणा यायचाय. "खंय येता? जेवपाक?" तिने विचारलं. टारिक स्कूबल हा अमेरिकेचा डावखुरा पिचर आहे आणि तो देशाकडून खेळायला तयार झालाय, एवढं कळल्यावर तिचा दुसरा प्रश्न होता, "संघात निवडलं तर खेळणार, नाही तर काय करणार?"

सगळी गंमत या प्रश्नात आहे. क्रिकेट बघत वाढलेल्या कोणालाही हेच वाटेल.

क्रिकेटमध्ये देशाचा संघ म्हणजे कळस. आयपीएल कितीही फुगली तरी भारताची टोपी मिळाली यासारखं दुसरं काही नाही, आणि भारत वर्षभर कुठे ना कुठे खेळतच असतो. निवड समिती बसते, नावं वाचून दाखवते, ज्याचं नाव येतं तो बॅग भरतो. आपला वाद "याला का घेतलं, त्याला का वगळलं" एवढ्यापुरता. बेसबॉलमध्ये हे चित्र जवळजवळ उलटं आहे. तिथे क्लब हाच संसार. मेजर लीग या तिथल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये तीस क्लब आहेत आणि प्रत्येक क्लब हंगामात १६२ सामने खेळतो. मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत जवळजवळ रोज एक सामना! खेळाडूचा पगार, त्याचा डॉक्टर, त्याचे विक्रम, त्याची ओळख, सगळं क्लबशी बांधलेलं.

देशाची जर्सी घालायची संधी मग येते कधी? ऑलिम्पिकमध्ये बेसबॉल १९९२ ते २००८ होता, मग वगळला गेला, टोकियोत एकदा परतला. पण ऑलिम्पिक भर हंगामात येतं आणि मेजर लीगने त्यासाठी आपला हंगाम कधी थांबवला नाही, त्यामुळे मोठी नावं तिथे दिसलीच नाहीत. ही उणीव भरून काढायला मेजर लीग आणि खेळाडूंची संघटना यांनी मिळून २००६ मध्ये ही स्पर्धा सुरू केली. पहिल्या दोन वेळा, २००६ आणि २००९ मध्ये, जपान जिंकला. २०१३ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकने आठपैकी आठ सामने जिंकून करंडक नेला, २०१७ मध्ये अमेरिका, २०२३ मध्ये पुन्हा जपान. वीस वर्षांत फक्त पाच वेळा. एखाद्या महान खेळाडूची उमेदीची सगळी वर्षं धरली तरी त्याच्या वाट्याला अशा दोन किंवा तीनच स्पर्धा येतात, आणि त्यातही तो येईलच याची खात्री नाही.

आपल्याकडे गावच्या जत्रेतल्या नाटकाचं असंच असतं. तालमी गावात होतात, पण राजाचं काम करणारा मुंबईला बँकेत आणि खलनायक बोटीवर. साहेबाने रजा दिली तर नाटक रंगणार, नाही दिली तर ऐनवेळी कुणाला तरी उभं करावं लागणार. म्हणून पात्रांची यादी लागली की गावात आधी चर्चा होते ती कोणाला रजा मिळाली याची. बेसबॉलच्या राष्ट्रीय संघाची यादी ही अशीच होकारांची यादी आहे. खेळाडूने हो म्हणायचं, क्लबने आडकाठी करायची नाही, आणि विमा कंपनीनेही मान हलवायची. तिन्ही जुळलं की एक नाव पक्कं होतं. अशी तीस नावं जमवायची असतात.

तिसऱ्या होकाराबद्दल फारसं कोणी बोलत नाही, पण बरीच नावं तिथेच अडकतात.

विमा कंपनी निवड समितीत कशी आली

मेजर लीगमधले करार बहुतेक हमीचे असतात. म्हणजे खेळाडू जखमी होऊन वर्षभर घरी बसला तरी क्लबला पगार द्यावाच लागतो. आणि रकमा साध्या नाहीत. जजचा करार नऊ वर्षांचा, ३६ कोटी डॉलरचा. ओतानीचा दहा वर्षांचा, ७० कोटी डॉलरचा. आता क्लबच्या मालकाच्या जागी बसून बघा. मार्च महिना, आपला हंगाम तोंडावर, आणि आपला सर्वांत महागडा माणूस दोन आठवडे दुसऱ्याच्या संघातून खेळायला निघालाय. तिथे त्याचा गुडघा गेला तर?

यावर तोडगा म्हणून स्पर्धेतर्फे अशा करारांचा विमा उतरवला जातो. स्पर्धेत दुखापत झाली तर खेळाडू बाहेर असेल त्या काळातला पगार विमा कंपनी क्लबला भरून देते. पण विमा कंपनी ती विमा कंपनीच. नुकतीच शस्त्रक्रिया झालेला, जुनी दुखणी असलेला किंवा मागच्या हंगामात बराच काळ बाहेर बसलेला खेळाडू तिला जोखमीचा वाटतो आणि ती नकार देते. विमा नाही म्हटल्यावर क्लबला नाही म्हणायचा हक्क मिळतो. खेळाडूची कितीही इच्छा असली तरी मग गोष्ट तिथेच संपते.

क्लेटन केर्शॉ हा डॉजर्स या क्लबचा महान पिचर २०२३ मध्ये अमेरिकेकडून खेळायला अगदी तयार होता, पण पाठीच्या जुन्या दुखण्यांचा इतिहास आडवा आला, विम्याचं जमलं नाही आणि त्याला घरी बसावं लागलं. २०२५ च्या हंगामानंतर तो निवृत्त झाला, आणि मग २०२६ च्या अमेरिकी संघात त्याचं नाव आलं. क्लबच उरला नाही तर विमा उतरवायचा कोणाच्या पैशांचा!

पोर्टो रिकोचं तर यंदा फारच वाईट झालं. पहिल्या फेरीचा एक गट त्यांच्याच सॅन हुआनमध्ये, म्हणजे घरच्या अंगणात, आणि नेमका आताच फ्रान्सिस्को लिंडोर आणि कार्लोस कोरेआ या त्यांच्या सर्वांत मोठ्या नावांना विमा मिळाला नाही. तिथले लोक इतके चिडले की त्यांच्या महासंघाने स्पर्धेतून माघार घ्यायची भाषा केली. बाहेरून बघणाऱ्याला ही आदळआपट वाटेल. पण एका छोट्या बेटाला वर्षानुवर्षं वाट बघून घरी सामने मिळाले आणि कर्णधारच प्रेक्षकांत बसणार असेल, तर रागाचं कारण समजतं.

विमा कंपन्या घाबरतात त्यालाही कारण आहे. १५ मार्च २०२३, मायामी. पोर्टो रिकोने बलाढ्य डॉमिनिकन संघाला ५-२ असं हरवून स्पर्धेबाहेर काढलं. शेवटची इनिंग टाकली एडविन डियाझने. न्यूयॉर्क मेट्स या क्लबने काही महिन्यांपूर्वीच त्याच्याशी पाच वर्षांचा, १० कोटी २० लाख डॉलरचा करार केला होता. शेवटचा बॅटर बाद झाला, सगळा संघ त्याच्याभोवती गोळा होऊन उड्या मारू लागला, आणि त्या उड्यांतच डियाझ खाली बसला. उजव्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला होता. त्याला चाकाच्या खुर्चीवरून न्यावं लागलं. त्याचा सख्खा भाऊ अलेक्सिस त्याच संघात होता, तो मैदानातच रडत उभा. चेंडू टाकताना नाही, धावताना नाही, जिंकल्याच्या आनंदात. डियाझ २०२३ चा पूर्ण हंगाम खेळला नाही. तीनच दिवसांनी व्हेनेझुएलाच्या होसे अल्टुव्हेच्या अंगठ्यावर चेंडू बसला, हाड मोडलं, आणि तो मे महिन्यात परतला. विम्याने पगार भरून निघतो. सामन्याची शेवटची इनिंग टाकणारा माणूस विमा कंपनी पाठवत नाही, आणि मेट्सच्या चाहत्यांचं दुखणं तेच होतं.

त्यामुळे एकाच यादीकडे दोन तऱ्हेचे डोळे लागलेले असतात. देशाचा चाहता म्हणतो, तो येऊ दे. क्लबचा चाहता म्हणतो, तो नको जाऊ दे. पुष्कळदा हे दोन्ही एकाच माणसात असतात.

यादी खालून वाचायची

बेसबॉल न बघितलेल्यांसाठी चार ओळी. मैदानात नऊ जण, इनिंग नऊ. चेंडू टाकणारा तो पिचर, त्याचा चेंडू झेलायला बॅटरच्या मागे बसतो तो कॅचर. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद, तिघे बाद झाले की अर्धी इनिंग संपली. षटकं नाहीत. एकच पिचर, दमेपर्यंत किंवा चोप पडेपर्यंत, सलग टाकत राहतो. बाकीचं बघता बघता कळतं.

सगळा खेळ पिचरच्या खांद्यावर चालतो, आणि तो खांदा नाजूक असतो. ताशी दीडशे किलोमीटरच्या वर चेंडू फेकताना कोपर आणि खांद्यावर जो ताण येतो त्यातून शस्त्रक्रियेपर्यंत पोचणं ही या खेळातली नेहमीची कथा. मार्चमध्ये तर पिचर पूर्ण तयारही नसतात. फेब्रुवारीत शिबिरं सुरू होतात आणि ते हळूहळू चेंडूंची संख्या वाढवत नेतात. अशा अर्ध्या तयारीत त्यांना देशासाठी जिवाच्या आकांताने फेकायला लावायचं, यालाच क्लब सर्वांत जास्त घाबरतात.

म्हणून स्पर्धेने चेंडूंवर मर्यादा घातली. २०२३ च्या नियमांप्रमाणे पहिल्या फेरीत एका पिचरला एका सामन्यात ६५ चेंडू, उपांत्यपूर्व फेरीत ८०, त्यापुढे ९५. मर्यादा गाठली तेव्हा समोर असलेल्या बॅटरचा निकाल लागेपर्यंत टाकता येतं, पुढच्याला नाही. पन्नास किंवा जास्त चेंडू टाकले तर चार दिवस विश्रांती, तीस किंवा जास्त टाकले तर एक दिवस, आणि सलग दोन दिवस टाकलं तरी एक दिवस. दोन आठवड्यांच्या स्पर्धेत याचा अर्थ काय होतो बघा. तुमचा सर्वांत भारी पिचर पहिल्या सामन्यात जेमतेम चार-पाच इनिंग टाकणार आणि मग त्या फेरीत बहुधा दिसणारच नाही. उरलेल्या इनिंग कोणी तरी टाकायला हव्यात. म्हणूनच तीस जणांत किमान चौदा पिचर असावेत असा दंडक आहे. जवळजवळ निम्मा संघ!

जाणकार चाहता यादी हातात आली की मोठ्या बॅटरांची नावं सोडून आधी पिचर मोजतो. २०२३ च्या अमेरिकी संघात माइक ट्राउट कर्णधार होता. त्याने जुलै २०२२ मध्येच हो म्हटलं आणि मग स्वतः फोन करकरून इतरांना गोळा केलं. मूकी बेट्स, पॉल गोल्डश्मिट, नोलन अरेनाडो, ट्रे टर्नर: बॅटिंग बघून कोणालाही धडकी भरावी. पिचरांची यादी मात्र त्या तोलाची नव्हती, आणि मेजर लीगचे पहिल्या रांगेतले बहुतेक पिचर घरीच राहिले होते. अमेरिका अंतिम सामन्यात पोचली आणि जपानकडून ३-२ ने हरली.

त्या अंतिम सामन्याची शेवटची इनिंग ज्यांनी बघितली ते अजून तिच्याबद्दल बोलतात. मायामीत २१ मार्चची रात्र, आपल्याकडे २२ मार्चची सकाळ. योगायोगाने त्या दिवशी पाडवा होता. आमच्याकडे गुढीची काठी धुऊन भिंतीला टेकवलेली, आणि भाचा मोबाइल घेऊन पायरीवर बसलेला. जपानकडून चेंडू टाकायला आठव्या इनिंगला यू दारविश, नवव्याला ओतानी. ओतानी सामनाभर बॅटिंगही करत होता. मधेच मैदानाच्या कडेला जाऊन खांदा गरम करायचा, परत यायचा, पँटला माती लागलेली. पहिला बॅटर चुकीच्या चेंडूंमुळे फुकटात, चालत बेसवर (धाव काढतानाच्या थांब्यावर) गेला. बेट्सच्या एका फटक्यावर दोघे बाद झाले. आणि मग समोर आला ट्राउट, तेव्हाचा ओतानीचा क्लबमधला सहकारी. दोघं एकाच संघातले असल्याने मेजर लीगमध्ये एकमेकांविरुद्ध कधी उभे ठाकलेच नव्हते. तीन बॉल (म्हणजे चुकीचे पडलेले चेंडू), दोन स्ट्राइक, आणि सहावा चेंडू बाहेर वळत गेला. ट्राउटची बॅट हवेत फिरली.

हा सामना जुळून आला कारण काही महिने आधी दोघांनी वेगवेगळ्या वेळी हो म्हटलं होतं. दोघांपैकी एकानेही अंग काढून घेतलं असतं तरी तो झाला नसता.

आता भाचा ताटावरून का ओरडला ते सांगता येईल. मेजर लीगच्या दोन शाखा आहेत; २०२५ चे त्या दोन्हींचे सर्वोत्तम पिचर, अमेरिकन लीगचा स्कूबल आणि नॅशनल लीगचा स्कीन्स, दोघांनीही यंदा अमेरिकेला हो म्हटलं. २०२३ मध्ये जे नव्हतं नेमकं तेच. स्कूबलने नंतर कळवलं की आपण एकच सामना टाकून क्लबच्या शिबिरात परतणार. भाच्याचा चेहरा पडला, पण माझ्या मते त्यात स्कूबलचं काही चुकलं नाही. त्याचा करार याच हंगामाअखेर संपतोय. कोपर सांभाळलं तर पुढचा करार, नाही तर काय उरतं? ओतानीचंही तसंच: यंदा तो जपानसाठी फक्त बॅटिंग करणार, चेंडू टाकणार नाही. होकारालाही अटी असतात.

आजीच्या जन्मदाखल्यावर संघात

हा भाग मात्र गोव्यातल्या माणसाला समजवायची फारशी गरज पडू नये.

या स्पर्धेत कोण कोणत्या देशाकडून खेळू शकतो याचे नियम सैल आहेत. त्या देशाचा नागरिक असेल तर प्रश्नच नाही. पण तिथे जन्मला असेल, तिथला कायमचा रहिवासी असेल, आईवडिलांपैकी एक जण तिथला नागरिक असेल किंवा तिथे जन्मला असेल, तरीही चालतं. आणि त्याही पुढे: अर्ज केला तर त्या देशाच्या कायद्याने आपल्याला नागरिकत्व किंवा पासपोर्ट मिळाला असता, असं कागदोपत्री दाखवता आलं तरी चालतं. प्रत्यक्ष पासपोर्ट हातात असलाच पाहिजे असं नाही.

आपल्याकडे बार्देश-सासष्टीत हा कागदांचा खेळ घराघरात ठाऊक आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलां-नातवंडांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. आजोबांचा जुना दाखला, चर्चमधली नाहीतर नागरी नोंदणीतली नोंद, नावाच्या स्पेलिंगमधला फरक, त्यासाठी प्रतिज्ञापत्र, यात कित्येक घरांची वर्षं गेलीत. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे पोर्तुगीज घेतलं की भारतीय सुटतं, आणि म्हणून निर्णय जड असतो. बेसबॉलच्या या स्पर्धेत मात्र तेवढंही करावं लागत नाही. समजा पोर्तुगाल या स्पर्धेत असता, तर नियमाच्या अक्षराप्रमाणे आजोबांचा दाखला दाखवून म्हापशाचा एखादा पोरगा त्यांच्याकडून उभा राहू शकला असता, भारताचा पासपोर्ट खिशात ठेवून. चेंडू ताशी दीडशेने टाकता यायला हवा एवढीच अडचण.

अशा नात्यांनी संघ कसे बदलतात ते बघण्यासारखं आहे. लार्स नूटबार कॅलिफोर्नियात वाढला, बाप अमेरिकी, आई जपानी. २०२३ मध्ये तो जपानच्या संघात आला तेव्हा जपानबाहेर जन्मून केवळ नात्याने त्या संघात आलेला तो पहिलाच. सुरुवातीला लोक साशंक होते. मग त्याने धावत जाऊन झेल घेतले, बेसवर पोचल्यावर दोन मुठी एकमेकांवर फिरवून मिरी दळल्यासारखी खूण केली, आणि आठवड्याभरात प्रेक्षक खरोखरच मिरी दळायची यंत्रं घेऊन स्टेडियमात येऊ लागले. सेंट लुईसच्या क्लबमधला त्याचा तेव्हाचा सहकारी टॉमी एडमन आईच्या नात्याने कोरियाकडून खेळला. यंदा डॉमिनिकन दिग्गज मॅनी रामिरेझचा मुलगा लुकास आईच्या नात्याने ब्राझीलच्या संघात आहे. वर्ल्ड कपच्या वेळी घरावर ब्राझीलचा झेंडा लावणाऱ्या आपल्या मंडळींना हेही माहीत असावं की ब्राझील बेसबॉलही खेळतं.

इस्राएलने तर २०१७ मध्ये सगळ्यांना चकित केलं. ज्यू वंशाच्या कोणालाही तिथे नागरिकत्व मिळू शकतं, त्यामुळे जवळजवळ सगळा संघ अमेरिकी ज्यू खेळाडूंचा उभा राहिला आणि त्यांनी पहिल्या फेरीत कोरिया, तैवान आणि नेदरलँड्स तिघांनाही हरवलं. इटलीचा संघ बराचसा इटालियन वंशाच्या अमेरिकनांचा. नेदरलँड्सची ताकद अ‍ॅम्स्टरडॅममध्ये नसून कुरासाव आणि अरुबा या कॅरिबियन बेटांत आहे. झँडर बोगार्ट्स अरुबाचा, केन्ली जॅन्सन कुरासावचा. युरोपातल्या देशाचं नाव, आणि जुन्या वसाहतीतल्या पोरांचे हात. गोव्यातल्या माणसाला याचं नवल वाटू नये.

हे योग्य की अयोग्य यावर दर स्पर्धेला भांडण होतं. ज्या पोराने त्या देशात पाऊलही टाकलं नाही तो त्यांचं राष्ट्रगीत कसं म्हणणार, असा एक प्रश्न. मला वाटतं, खेळ पसरवायचा असेल तर ही सैल दारं लागतात, नाही तर या वीसपैकी निम्मे देश अमेरिका-जपानसमोर उभेच राहू शकणार नाहीत. भारताचं धोरण याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. आपल्याकडे देशाकडून खेळायला भारतीय पासपोर्टच लागतो, म्हणूनच फुटबॉलपटू रायन विल्यम्सला भारताकडून खेळण्यासाठी २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडावा लागला. पाकिस्तान मात्र या स्पर्धेच्या पात्रता फेरीत खेळून आला आहे. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये ब्राझील आणि ब्रिटनकडून सपाटून हरला, पण खेळला.

कागदावरचा संघ

चाहत्यांचा उत्साह किती टोकाला जातो? २०१७ मध्ये पोर्टो रिकोच्या खेळाडूंनी एकजूट म्हणून केस सोनेरी रंगवले, आणि बेटावर आबालवृद्धांनी तेच केल्याने दुकानांतला केसांचा रंग कमी पडायला लागला. २०२३ मध्ये जपान-इटली सामना टोकियोच्या परिसरातल्या ४८ टक्के घरांत बघितला गेला.

पण यादी भारी म्हणून सामना जिंकता येत नाही. २०२३ च्या डॉमिनिकन संघात हुआन सोटो, मॅनी मचाडो, राफाएल डेव्हर्स, हुलिओ रॉड्रिगेझ, सँडी अल्कांतारा. कागदावर याहून चांगला संघ नव्हता, आणि तो पहिल्याच फेरीत बाहेर. त्याच फेरीत निकाराग्वाविरुद्ध ते ६-१ ने जिंकले, पण लक्षात राहिला हरलेल्या संघातला डूके हेबर्ट नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा. नवव्या इनिंगला येऊन त्याने सोटो, रॉड्रिगेझ आणि डेव्हर्स तिघांनाही बाद केलं, आणि सामना संपल्या संपल्या डेट्रॉइट टायगर्स या मेजर लीग क्लबच्या माणसाने त्याला करार देऊ केला.

चेक प्रजासत्ताकाच्या यादीत तर नोकरदार माणसं होती. प्रशिक्षक मेंदूविकारतज्ज्ञ, एक खेळाडू अग्निशमन दलात, आणि पिचर ओन्द्रेय सातोरिया इलेक्ट्रिशियन. त्याचा चेंडू मेजर लीगच्या मानाने फारच हळू, तरी त्याच संथ चेंडूवर त्याने ओतानीला चकवून बाद केलं. या लोकांना खरोखरच साहेबाकडे रजा मागावी लागली असणार. पुढे जपानचा संघ मायामीत उतरला तेव्हा ओतानीच्या डोक्यावर चेक संघाची टोपी होती.

यादी जाहीर झाली तरी ती पक्की धरू नका. २०२३ मध्ये व्लादिमिर गुरेरो ज्युनिअर स्पर्धा तोंडावर असताना गुडघ्यामुळे गळला. यंदाही शिबिरात कोणाचा खांदा धरेल, कोणाला क्लब परत बोलावेल, नावं खोडली-लिहिली जातील. गोव्यातून बघायचं असेल तर टोकियोचे संध्याकाळी सातचे सामने आपल्याकडे दुपारी साडेतीनला, जेवून वामकुक्षी चुकवायची तयारी ठेवा. मायामीचे रात्री सातचे सामने ८ मार्चपूर्वी पहाटे साडेपाचला आणि त्यानंतर साडेचारला, कारण त्या दिवशी अमेरिकेत घड्याळं एक तास पुढे जातात. भाच्याने हे वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलंय, आणि त्याच्या आईने त्याखाली त्याच्या परीक्षेच्या तारखा.